जिवंत शहराची तिरडी : निनवेविषयीचं नहूमचं भाकीत कसं वाचायचं

इराकमधल्या मोसुल शहरात, तिग्रिस नदीच्या पूर्व काठावर, भर वस्तीत दोन मोठी टेकाडं आहेत. एकाचं नाव कुयुंजिक, दुसऱ्याचं नबी युनुस. ही टेकाडं म्हणजे निनवे, अश्शूर (असिरिया) साम्राज्याची शेवटची मोठी राजधानी. २०१४ च्या जुलैमध्ये इस्लामिक स्टेटने नबी युनुसवरची मशीद स्फोटकांनी उडवली. २०१६ मध्ये जुन्या तटाच्या मश्की दरवाजावर बुलडोझर फिरला. पुढे २०२२ मध्ये त्याच दरवाजाची डागडुजी चालू असताना मातीखालून सन्हेरीब राजाच्या काळातले कोरीव शिल्पपट निघाले, आणि २०२५ मध्ये हायडेलबर्ग विद्यापीठाच्या पथकाला कुयुंजिकवरच्या राजवाड्यात अशुरबनिपाल राजाचा भलाथोरला शिल्पपट सापडला.

अशी बातमी आली, किंवा इराक-इराणच्या बाजूला युद्धाची ठिणगी पडली, की मोबाइलवर एक ठरलेला मजकूर फिरू लागतो : ‘बायबलचं भाकीत खरं ठरलं!’ वर जळत्या शहराचं चित्र, खाली बायबलमधल्या नहूम या संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या, निनवेच्या नाशाविषयीच्या दोन-तीन ओळी. त्यावर कोणी भारावतं, कोणी ‘बोलाफुलाला गाठ’ म्हणून हसतं. मूळ पुस्तक मात्र दोघांनीही सहसा वाचलेलं नसतं. खरं तर ते वाचायला वीस मिनिटंही लागत नाहीत. तीन अध्याय, ४७ वचनं, बस्स.

अडचण लांबीची नाही. हा मजकूर कोणत्या जातीचा आहे, हे न कळताच आपण तो वाचायला घेतो.

‘भाकीत’ या शब्दाने होणारा घोटाळा

मराठीत ‘भाकीत’ म्हटलं की हवामान खातं, निवडणुकीचे अंदाज नाहीतर राशिभविष्य आठवतं. पुढे काय होणार ते आधी सांगणं, एवढाच त्याचा अर्थ आपण धरतो. मराठी बायबलने त्या माणसासाठी जो शब्द वापरला आहे तो जास्त नेमका आहे : संदेष्टा, म्हणजे निरोप्या.

त्या काळी राजाचा निरोप्या दुसऱ्या राजाच्या दारात उभा राहून सुरुवात करायचा, ‘अमुक राजा असं म्हणतो’. पुढचं वाक्य निरोप्याचं नसे, राजाचं असे. संदेष्टे हीच रीत उचलतात आणि म्हणतात, ‘परमेश्वर असं म्हणतो’. निरोप बहुधा एका आरोपाने सुरू होतो आणि शिक्षेने संपतो. तेव्हा त्याची तुलना करायचीच तर पंचांगाशी करू नये, कोर्टाच्या निकालपत्राशी करावी. निकालपत्रातही ‘आरोपीला अमुक शिक्षा होईल’ असं भविष्यकाळी वाक्य असतं, पण म्हणून न्यायाधीशाला कोणी ज्योतिषी म्हणत नाही.

परक्या राष्ट्रांविरुद्धचे असे निकाल बायबलमध्ये बरेच आहेत : यशया, यिर्मया, यहेज्केल, आमोस यांच्या पुस्तकांत बाबेल (बॅबिलोन), सोर (टायर), मिसर (इजिप्त), दिमिष्क (दमास्कस) यांच्यावर. मराठी बायबलमध्ये अशा ठिकाणी ‘देववाणी’ हा शब्द दिसतो. मूळ हिब्रू शब्द ‘मस्सा’, त्याचा दुसरा अर्थ ओझं. नहूमचं वेगळेपण एवढंच की त्याचं अख्खं पुस्तक एकाच शहरावर आहे.

अश्शूर म्हणजे नेमकं काय होतं

इ.स.पू. ७४५ मध्ये तिसरा तिग्लथ-पिलेसर गादीवर आला तेव्हापासून पुढची सव्वाशे वर्षं पश्चिम आशियात अश्शूरचा दरारा होता. त्यांची पद्धत ठरलेली. आधी शेजारच्या राजाला मांडलिक करायचं, शपथ घ्यायला लावायची, वर्षाची खंडणी बांधून द्यायची. खंडणी थकली की फौज यायची, थोडा मुलूख तोडून घ्यायची आणि गादीवर आपला माणूस बसवायची. त्यानंतरही बंड झालं तर शहर पाडायचं आणि माणसं उचलून हजार-हजार किलोमीटर लांब नेऊन वसवायची. त्यांच्या जागी कुठून तरी तिसरेच लोक आणायचे. माती, देऊळ, भाषा आणि भाऊबंद एकदम तुटले की पुन्हा बंड करायला कोणी उरत नाही.

इस्राएली लोकांची तेव्हा दोन राज्यं होती. त्यांतलं उत्तरेकडचं इस्राएलचं राज्य असंच संपलं. शोमरोन या त्याच्या राजधानीतून २७,२९० माणसं नेल्याचा आकडा दुसऱ्या सर्गोन राजाच्या लेखात आहे. दक्षिणेकडच्या यहूदावर इ.स.पू. ७०१ मध्ये सन्हेरीब चालून आला. त्याच्या लेखातली फुशारकी अशी की आपण ४६ तटबंदीची गावं घेतली, २,००,१५० माणसं बाहेर काढली आणि हिज्कीया राजाला यरुशलेमात ‘पिंजऱ्यातल्या पाखरासारखं’ कोंडलं. हे आकडे फुगवलेले असावेत असं बहुतेक अभ्यासकांना वाटतं. खंडणीचा हिशेब मात्र दोन्ही बाजूंनी लिहून ठेवलेला आहे आणि तो अर्धा जुळतो. सोनं ३० किक्कार (हे तेव्हाचं वजनाचं माप) यावर दोघांचं एकमत आहे. चांदी बायबल ३०० किक्कार सांगतं, सन्हेरीब ८००. एक किक्कार साधारण ३० किलोचा धरला तर नुसतं सोनंच नऊशे किलोच्या घरात जातं. एका डोंगराळ, छोट्या राज्याने हे भरलं.

यहूदातलं लाखीश हे शहर याच मोहिमेत पडलं. सन्हेरीबने त्या वेढ्याची चित्रं दगडात कोरवून निनवेच्या राजवाड्यातलं एक दालन सजवलं. तटाला लावलेला मातीचा उतार, त्यावरून चढणारी वेढ्याची यंत्रं, खांबांवर ठोकलेले कैदी, पोराबाळांसह बैलगाडीतून निघालेली माणसं, असं सगळं त्यात आहे. हे पट आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, आणि वेढ्याचा तो उतार लाखीशच्या टेकडीवर उत्खननात सापडलेला आहे. अश्शूरी शिल्प कसं असतं ते बघायला मराठी वाचकाला लंडनला जायची गरज नाही. एकोणिसाव्या शतकात ऑस्टिन हेन्री लेयार्ड या इंग्रज उत्खनकाने काढलेले पट फुगवलेल्या कातड्यांच्या तराफ्यांवरून तिग्रिसमधून बसऱ्याला आणि तिथून मुंबईमार्गे विलायतेला जात. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात निमरुद या अश्शूरच्या आधीच्या राजधानीतले शिल्पपट आहेत. त्यांतल्या दंडांचे आणि पोटऱ्यांचे पिळदार स्नायू नीट बघावेत. पाहुण्याने दरबारात शिरतानाच गार पडावं, यासाठीच ते तसे कोरलेले आहेत.

मग ‘गर्व’ हा आरोप कशासाठी?

क्रूर तर सगळेच राजे होते. संदेष्ट्यांचा अश्शूरवरचा आरोप त्याहून वेगळा आहे, आणि तो यशयाच्या दहाव्या अध्यायात सर्वांत स्पष्ट येतो. यशया म्हणतो की अश्शूर ही परमेश्वराच्या हातातली काठी आहे. परमेश्वर म्हणतो, माझ्या लोकांना शिक्षा करायला मीच ती उचलली. काठीला मात्र वाटू लागलं की मारणारी मीच. अश्शूरचा राजा म्हणतो, माझ्याच बळाने मी राष्ट्रांच्या सीमा पुसल्या; सोडून दिलेल्या घरट्यातली अंडी गोळा करावीत तशी पृथ्वी गोळा केली, कोणी पंखही फडफडवला नाही. त्यावर यशयाचा प्रश्न येतो : कुऱ्हाड कधी तोडणाऱ्यापुढे फुशारकी मारते का? करवत कधी ओढणाऱ्यावर शिरजोर होते का?

इथे गर्व म्हणजे नुसता ताठा नव्हे. उसन्या अधिकाराला स्वतःचा समजणं, असा त्याचा अर्थ आहे. मुखत्यारपत्रावर व्यवहार करणाऱ्याने सातबाऱ्यावर स्वतःचंच नाव चढवून घ्यावं, तसा हा गुन्हा. म्हणून शिक्षा करणारं हत्यारही शिक्षेला पात्र ठरतं. सफन्या संदेष्टा निनवेच्या तोंडी जे वाक्य घालतो तेही याच जातीचं आहे : ‘मीच आहे, माझ्याशिवाय कोणी नाही’. बायबलमध्ये असं बोलायचा हक्क फक्त देवाचा असतो.

अश्शूरचीच भाषा अश्शूरच्या घशात

आता नहूमकडे. त्याच्याबद्दल फारसं ठाऊक नाही. नावाचा अर्थ ‘सांत्वन’, गाव एल्कोश. मोसुलच्या उत्तरेला अल्कोश नावाचं गाव आहे आणि तिथे त्याची कबर दाखवतात, पण ती परंपरा झाली. माणसाबद्दल एवढी थोडी माहिती, आणि त्याची हत्यारं मात्र आपल्याला एकेक करून ओळखता येतात, कारण ती त्याने अश्शूरकडूनच घेतली आहेत.

पहिलं हत्यार निरोप्याचं. इ.स.पू. ७०१ मध्ये सन्हेरीबचा रब्शाके हा अधिकारी यरुशलेमच्या तटाखाली उभा राहून ओरडला होता, ‘अश्शूरचा महान राजा असं म्हणतो’. तटावरच्या साध्या माणसांना कळावं आणि त्यांची पाचावर धारण बसावी म्हणून तो मुद्दाम त्यांच्याच भाषेत बोलला. दरबाऱ्यांनी ‘अरामी भाषेत बोला’ अशी विनवणी केली, ती त्याने धुडकावली. नहूमचा दुसरा अध्याय ज्या वाक्यावर संपतो त्याचा आशय असा : तुझ्या निरोप्यांचा आवाज यापुढे ऐकू येणार नाही. यहूदातल्या श्रोत्याला कोणता आवाज आठवला असेल हे वेगळं सांगायला नको.

दुसरं हत्यार सिंह. अश्शूरचे राजे स्वतःला सिंह म्हणवत. अशुरबनिपालच्या सिंहाच्या शिकारीचे पट निनवेच्याच राजवाड्यात होते. नहूम विचारतो, कुठे गेली ती सिंहांची गुहा? छाव्यांसाठी लचके तोडून आणायचा, सिंहिणींसाठी नरड्या फोडायचा, तो कुठे आहे?

तिसरं हत्यार करारातले शाप. मांडलिकाला शपथ देताना अश्शूरी करारात शापांची लांबलचक यादी वाचली जाई. एसरहद्दोन राजाने इ.स.पू. ६७२ मध्ये आपल्या वारसाशी एकनिष्ठ राहण्याची शपथ सगळ्यांना घ्यायला लावली. त्या कराराच्या मातीच्या पाट्या निमरुदमध्ये आणि पुढे तुर्कस्तानातल्या तेल तायिनात इथे सापडल्या आहेत. त्याआधीच्या, पाचव्या अशुर-निरारीच्या करारात एक शाप आहे : मांडलिकाने शब्द मोडला तर तो स्वतः वेश्या होवो, त्याचे सैनिक बायका होवोत. नहूमच्या तिसऱ्या अध्यायात निनवे वेश्या ठरते आणि तिचे सैनिक ‘तुझ्यात बायका झाले आहेत’. यहूदाचा राजा मनश्शे याचं नाव एसरहद्दोनच्या मांडलिकांच्या यादीत आहे. म्हणजे शापांची ही भाषा यरुशलेमच्या दरबाराला परकी असण्याचं कारण नाही. आयुष्यभर ज्या कलमांचा धाक बाळगला, तीच कलमं नहूमने करार लिहून घेणाऱ्यावर लावली.

बारकाईने पाहिलं तर शब्दसुद्धा अश्शूरचे आहेत. तुझे अधिकारी थंडीत भिंतीवर बसलेल्या टोळांसारखे आहेत, ऊन पडलं की उडून जातील आणि कुठे गेले ते कळणारही नाही, असं तो म्हणतो. इथे अधिकाऱ्यासाठी त्याने वापरलेला एक शब्द मुळात अश्शूरच्या अक्कादी भाषेतला आहे, ‘पाटी लिहिणारा’ या अर्थाचा. कर गोळा करणाऱ्या, यादीत नाव चढवणाऱ्या कारकुनाला त्याच्याच हुद्द्याने हाक मारली आहे. वसुलीच्या कारकुनांचा राग काय असतो ते सावकारी पाहिलेल्या कुठल्याही समाजाला समजेल.

आणि चौथं हत्यार, सगळ्यांत जिव्हारी लागणारं. तिसऱ्या अध्यायाची सुरुवात ‘होय!’ या हिब्रू उद्गाराने होते. भाषांतरात तिथे ‘धिक्कार असो’ किंवा ‘हायहाय’ येतं. हा उद्गार मुळात मयताच्या घरचा, प्रेतामागे छाती पिटताना काढायचा. निनवे तेव्हा धडधाकट उभी आहे, बाजार भरतो आहे, व्यापारी ‘आकाशातल्या ताऱ्यांहून जास्त’ आहेत, आणि हा माणूस येऊन तिच्या नावाने रडगाणं सुरू करतो. जिवंत माणसाच्या अंगणात येऊन तिरडी बांधायला बसावं तसं ते आहे. भविष्य सांगण्याहून हे पुष्कळ जास्त उद्धट आहे.

इ.स.पू. ६१२ मध्ये काय झालं

अशुरबनिपाल इ.स.पू. ६३१ च्या सुमारास मेला आणि गादीसाठी भांडणं लागली. ६२६ मध्ये नबोपोलस्सारने बाबेल स्वतंत्र केलं. पूर्वेकडून मेदी लोक उतरले आणि ६१४ मध्ये त्यांनी अश्शूर हे मूळचं पवित्र शहर लुटलं. दोन वर्षांनी मेदी राजा क्याक्सारेस आणि नबोपोलस्सार मिळून निनवेवर आले.

हे सगळं बाबेलच्या एका इतिवृत्तात नोंदलेलं आहे. ती मातीची पाटी ब्रिटिश म्युझियममध्ये आहे आणि १९२३ मध्ये ती पहिल्यांदा छापून प्रसिद्ध झाली. सिमानू ते अबू, म्हणजे आपल्या मे-जूनपासून ऑगस्टपर्यंत, तीन महिने वेढा चालला. शहर पडलं, लूट मोजता येण्यापलीकडची होती, आणि शहराचा ढिगारा झाला, असं ती पाटी कोरड्या सरकारी भाषेत सांगते.

उत्खननात बाकीचा तपशील मिळतो. निनवेचा तट सुमारे १२ किलोमीटर लांब होता. एवढा तट राखायला माणूसबळ लागतं, तेच उरलेलं नव्हतं. हल्झी दरवाजातली वाट घाईघाईने दगड रचून जेमतेम दोन मीटरवर आणलेली दिसते, आणि त्याच बोळात बाणांसकट पडलेले सांगाडे सापडले. नहूम म्हणतो, वेढ्यासाठी पाणी भरून घे, चिखल तुडव, विटांचा साचा धर. हा टोमणा आहे. कर तयारी, बघू काय उपयोग होतो!

राजवाडे जळाले. लाखीशच्या दालनात सिंहासनावर बसलेल्या सन्हेरीबचा चेहरा मुद्दाम फोडलेला आहे. तो शहर लुटणाऱ्यांनीच फोडला असावा. त्या आगीचा एक उलटा फायदाही झाला. अशुरबनिपालच्या ग्रंथालयातल्या मातीच्या पाट्यांपैकी कित्येक भाजून पक्क्या झाल्या आणि टिकल्या. पाट्या आणि तुकडे मिळून ती संख्या तीस हजारांच्या आसपास जाते.

इ.स.पू. ४०१ मध्ये ग्रीक सेनानी झेनोफोन आपल्या फौजेसह तिथून गेला. त्याने ओसाड पडलेला प्रचंड तट पाहिला, त्याची नोंद केली, पण हे निनवे हे त्याला कोणी सांगितलं नाही. पुढे ग्रीक आणि पार्थियन काळात टेकाडावर थोडी वस्ती पुन्हा झाली. ‘निनवेत परत कधीच कोणी राहिलं नाही’ असं जे फॉरवर्डमध्ये असतं ते बरोबर नाही. मोसुल तर त्याला खेटूनच वाढलं.

‘हे सगळं घडून गेल्यावर लिहिलं नसेल कशावरून?’

शंका रास्त आहे. उत्तर पुस्तकातल्याच एका उदाहरणात आहे. नहूम निनवेला विचारतो, तू नो-आमोनपेक्षा बरी आहेस का? नो-आमोन म्हणजे मिसरमधलं थीब्ज. ते अशुरबनिपालच्या फौजेने इ.स.पू. ६६३ मध्ये लुटलं. तेव्हा पुस्तक ६६३ नंतरचं. थीब्ज पुढे सावरलं, म्हणून हा टोमणा त्या लुटीची आठवण ताजी असताना जास्त बोचतो. दुसऱ्या टोकाला, पुस्तकात मेद्यांचं किंवा बाबेलचं नावच नाही. घडून गेल्यावर लिहिणाऱ्याने विजेत्याचं नाव गाळलं असतं का? त्यामुळे बहुतेक अभ्यासक ६६३ ते ६१२ यांच्या मधला काळ धरतात.

मात्र एवढ्यावरून ‘चमत्कार सिद्ध झाला’ असंही म्हणता येत नाही. ६१४ नंतर तर अश्शूर कोसळणार हे कोणाही जाणत्याला दिसत होतं. शिवाय पुस्तकाचा पहिला भाग, मुळाक्षरांच्या क्रमाने ओळी गुंफलेलं देवाच्या कोपाचं स्तोत्र, नंतर जोडला असावा असं काहींचं मत आहे. त्यात हिब्रू अक्षरांचा क्रमही अर्ध्यावरच थांबतो.

‘नद्यांचे दरवाजे उघडले’ म्हणजे पूर आला होता?

दुसऱ्या अध्यायात ओळ आहे की नद्यांचे दरवाजे उघडले आणि राजवाडा विरघळला. ग्रीक इतिहासकार डायोडोरसनेही पुराने तट पडल्याची कथा दिली आहे, पण त्याने ती घटनेनंतर पाच-सहाशे वर्षांनी लिहिली. दोन्ही जोडून ‘बघा, पूरही सांगितला होता!’ असा निष्कर्ष काढला जातो.

इथे सावध राहावं. बाबेलच्या इतिवृत्तात पुराचा उल्लेख नाही. तिग्रिसला पूर येतो तो बर्फ वितळल्यावर, वसंतात, एप्रिलच्या सुमारास. वेढा चालला उन्हाळ्यात, पाणी उतरत असताना. मात्र शहराच्या मधून खोसर ही नदी वाहते, आणि सन्हेरीबने निनवेसाठी पाण्याची प्रचंड व्यवस्था केली होती. जेरवान इथला त्याचा दगडी जलसेतू सुमारे २८० मीटर लांब आहे आणि त्याला अंदाजे वीस लाख दगड लागले. अशा शहरात ‘नद्यांचे दरवाजे’ म्हणजे कालव्यांची दारं किंवा नदीकडचे वेशीदरवाजे असू शकतात. शत्रूने पाण्याची दारं फोडली असतीलही. किंवा ही नुसती प्रतिमा असेल, कारण दोनच वचनांनंतर निनवे हीच पाणी निसटून चाललेलं तळं होते. ज्या पाण्याचा तिला अभिमान, त्याचीच उपमा तिच्या पडण्याला. नहूमची एकूण पद्धत पाहता हा दुसरा अर्थ जवळचा वाटतो.

‘आणि जी भाकितं खरी ठरली नाहीत त्यांचं काय?’

अशी आहेत, आणि बायबल ती लपवत नाही. यहेज्केलने सोर या बंदराविरुद्ध सांगितलं की बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर ते धुळीला मिळवील, संपत्ती लुटील. वेढा तेरा वर्षं चालला आणि हवी तशी लूट मिळालीच नाही. त्याच पुस्तकाच्या २९व्या अध्यायात यहेज्केल स्वतःच म्हणतो की ओझी वाहून सैन्याच्या डोक्यांना टक्कल पडलं, खांदे सोलले, पण सोरकडून मजुरी मिळाली नाही. म्हणून आता नबुखद्नेस्सरला मिसर मिळेल. जुनी देववाणी खोडून टाकता आली असती. दोन्ही शेजारी-शेजारी ठेवल्या आहेत.

त्याहून मोठं उदाहरण निनवेचंच. योना (अरबीत युनुस) हाही एक संदेष्टा. त्याच्या पुस्तकात तो शहरात फिरून ओरडतो, ‘आणखी चाळीस दिवसांनी निनवे उलथून पडेल’. लोक पश्चात्ताप करतात, राजासुद्धा गोणपाट नेसून राखेत बसतो, आणि निनवे पडत नाही. योना रुसतो.

पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडण्याआधी नदीकाठच्या गावांना इशारा देतात. लोक घरं सोडून उंचावर गेले आणि कोणी दगावलं नाही, तर इशारा खोटा ठरला असं आपण म्हणत नाही. तो त्यासाठीच होता. यिर्मयाच्या १८व्या अध्यायात हा नियमच मांडला आहे : एखाद्या राष्ट्राला उपटून टाकीन असं मी म्हणालो आणि ते वळलं, तर मीही बेत बदलतो. पुढे यिर्मयाच्याच जिवावर बेतलं तेव्हा वडीलधाऱ्यांनी शंभर वर्षांपूर्वीच्या मीखा संदेष्ट्याचा दाखला दिला. त्याने यरुशलेम नांगरलं जाईल असं सांगितलं होतं, हिज्कीया राजाने देवाची करुणा भाकली आणि तेव्हा ते टळलं. मीखाला कोणी खोटा ठरवला नाही, आणि यिर्मया वाचला.

दगडावरची रेघ आणि अटीवरचा इशारा यांत फरक करायला हवा. नहूमच्या पुस्तकात पश्चात्तापाला वावच ठेवलेला नाही, ही गोष्ट म्हणूनच जास्त खुपते.

‘हा नुसता सूड नाही का?’

काही ठिकाणी आहे. तिसऱ्या अध्यायात निनवेची बाई कल्पून तिचं वस्त्र वर करून तिची जगापुढे विटंबना करण्याची भाषा आहे. ती करारातल्या शापांतून आली, एवढं सांगून तिचा काटा निघत नाही. आज ते वाचताना अंगावर शहारा यावा, आणि व्यासपीठावरून ते वाचणाऱ्याने उत्साहाने वाचू नये.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा. आमोस संदेष्टा एकेका शेजारी राष्ट्राला झोडपत येतो, ऐकणारे खूश होत जातात, आणि मग तो यहूदा आणि इस्राएललाही त्याच फटक्यात घेतो. नहूम यहूदाच्या चुकांबद्दल एक अक्षर काढत नाही. सण साजरे करा, दुष्ट आता तुमच्यामधून जाणार नाही, असं तो सांगतो. प्रत्यक्षात निनवे पडल्यावर तीनच वर्षांत यहूदाचा राजा योशीया मगिद्दोजवळ मारला गेला, अश्शूरच्या उरल्यासुरल्या फौजेच्या मदतीला निघालेल्या मिसरी सैन्याच्या हातून. आणि २६ वर्षांत बाबेलने, त्याच विजेत्या बाबेलने, यरुशलेमचं मंदिर जाळलं. म्हणून बायबलमध्ये नहूमच्या पाठोपाठ हबक्कूक हा संदेष्टा येतो हे बरं आहे. तो देवालाच जाब विचारतो, दुष्टाला गिळायला त्याहून दुष्ट का पाठवतोस?

हे मान्य करूनही एक गोष्ट उरते. हे शब्द तलवार हातात असलेल्याचे नाहीत. यहूदाकडे निनवेचा एक चिरा हलवण्याचंही बळ नव्हतं. हेच शब्द एखाद्या बलाढ्य राज्याच्या तोंडी घाला, त्यांचा अर्थ पार उलटतो.

मग आजच्या एखाद्या देशाला हे लावता येईल?

लावणारे जुनेच आहेत. मृत समुद्राजवळच्या कुमरान इथे नहूमच्या पुस्तकावरचं एक भाष्य सापडलं, इ.स.पू. पहिल्या शतकातलं. त्याच्या लेखकाने सिंह म्हणजे आपल्या काळातला एक राजा धरला, ग्रीकांचा राजा देमेत्रिय याचं नाव घातलं, आणि निनवे म्हणजे आपल्याच समाजातले विरोधक ठरवले. पुढे बायबलच्या शेवटच्या, प्रकटीकरणाच्या पुस्तकात ‘बाबेल’ सात डोंगरांवर बसते. तेव्हाच्या वाचकाला ते रोम आहे हे लगेच कळत होतं. नाव जुनं, रोख नवा.

या वाचनांत आणि मोबाइलवरच्या मजकुरात फरक करायची साधी तपासणी आहे. ओळ पुढे पाठवण्याआधी तिच्या मागची-पुढची दहा वचनं वाचावीत. बोलणारा कोण आणि कोणाला बोलतोय ते पाहावं. आरोप काय आहे ते शोधावं, कारण फॉरवर्डमध्ये शिक्षा असते, आरोप कापलेला असतो. नहूमचा आरोप ठोस आहे : रक्त, खोटेपणा, लूट, राष्ट्रांची विक्री. मग तो आरोप ज्याच्यावर लावतोय त्याला लागू पडतो का, आणि आपल्याला स्वतःला लागत नाही ना, हे पाहावं. कुमरानच्या लेखकाने निनवे घरात शोधली. त्याचं उत्तर चुकलं असेल, शोधण्याची जागा चुकली असं म्हणता येत नाही. आणि आजच्या मोसुलच्या माणसांचा अश्शूरच्या राजांशी हिशेब लावू नये. ज्यांनी आपल्याच शहरातली नबी युनुसची मशीद उडताना पाहिली, त्यांना ‘निनवेचे दुष्ट’ म्हणणं म्हणजे गुन्हा एकाचा आणि जप्ती भलत्याच्याच घरावर.

मराठी बायबल उघडलंत तर योना आणि नहूम यांच्यामध्ये फक्त मीखा आहे, सात अध्यायांचा. निनवेवरची ही दोन्ही पुस्तकं प्रश्नावर संपतात. नहूमचं शेवटचं वाक्य निनवेच्या राजाला आहे : तुझ्या अखंड दुष्टपणाचा तडाखा कोणाला बसला नाही? योनाचं शेवटचं वाक्य रुसलेल्या संदेष्ट्याला आहे, आणि विचारणारा देव आहे : ज्यांना उजवा-डावा हातही कळत नाही अशी एक लाख वीस हजारांहून जास्त माणसं ज्या शहरात आहेत, आणि पुष्कळ गुरंढोरंही, त्या निनवेची मला दया येऊ नये काय?